परसातली भाजी : नव्याने लावणाऱ्यांसाठी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा वर्धापनदिनाला तुम्ही परसबागेवर बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटले. मी काही शेतकी शाळेत शिकलेली नाही. माझी सारी नोकरी हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेली. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "शिकलेल्यांची भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. तुमचे काय काय फसले ते सांगा, म्हणजे आमचे फसणार नाही." ही अट मला मानवली. फसण्याच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे.

आमच्या घरामागची जागा तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिली आहे. लांबी पंधरा फूट, रुंदी दहा फूट. एका बाजूला शेजारची भिंत, दुसऱ्या बाजूला धुण्याचा दगड आणि मोरी. आपल्या वसाहतीत बहुतेकींच्या वाट्याला एवढीच जागा आहे आणि पुण्यासारख्या शहरात ती आहे हेही थोडके नव्हे. या जागेत माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षे भाजी लावली. आणि खरे सांगायचे तर त्यातली वीसेक वर्षे आमचे दोघींचे त्यावरूनच वाजत असे. मी फरशी पुसून घ्यावी आणि त्यांनी चिखलाच्या पायांनी कोथिंबिरीची जुडी घेऊन आत यावे! मी म्हणायची, मंडईत दहा पावलांवर सगळे मिळते, मग हा उपद्व्याप कशाला? त्या काही बोलत नसत. जुडी ओट्यावर ठेवून पाय धुवायला जात.

पुढे पायरीवरून पडल्याचे निमित्त झाले आणि त्यांचे मागच्या दारी जाणे बंद झाले. दोन वर्षांत त्या जागेत गाजरगवत माजले. न्हाणीघराची दुरुस्ती काढली तेव्हाचा राडारोडाही तिथेच पडला. मग आम्ही ठरवले की सरळ फरशी घालून टाकावी, स्कूटर ठेवायला बरी. फरश्या आणून ठेवल्या. गवंडी म्हणाला, पाडवा होऊ द्या, मग येतो. तो पाडवा होता २५ मार्च २०२० चा. त्याच दिवशी टाळेबंदी सुरू झाली. गवंडीही आला नाही आणि भाजीवालीही आली नाही.

ते दिवस तुम्हांला आठवत असतीलच. चौथ्या-पाचव्या दिवशी घरात कांदे-बटाट्याशिवाय काही उरले नाही. सासूबाईंची स्मृती तेव्हा फार कमी झाली होती. सकाळी काय जेवलो ते दुपारी आठवत नसे. मला कधी त्या आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारीत. त्या दिवशी मात्र त्या अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "अगं, डब्यात मेथ्या आहेत ना? मग रडतेस काय? भिंतीच्या सावलीला टाक. चैत्रातल्या उन्हात कडू होते."

माझी बाग सुरू झाली ती अशी. आता पुढचे सगळे मी त्यांच्याकडून आणि स्वतःच्या चुकांतून शिकले ते सांगते.

पहिली गोष्ट ऊन. भाजी लावण्याआधी एक दिवस नुसते ऊन पाहा. कागदावर जागेचा चौकोन काढा आणि सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता ऊन कुठवर आले त्याच्या खुणा करा. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी आणि सगळे वेल यांना रोज निदान सहा तास ऊन हवे. पालेभाजीचे तीन-चार तासांवर भागते. अळू आणि पुदिना थोडी सावलीही चालवून घेतात. आणखी एक ध्यानात ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा आपल्याकडे भिंतीची सावली जवळजवळ भिंतीच्या उंचीइतकी उत्तरेकडे पडते. ज्यांचे परस घराच्या उत्तरेला आहे त्यांनी जूनमध्ये ऊन पाहून थंडीतल्या टोमॅटोचे बेत करू नयेत. मी केले होते. झाडे माझ्या खांद्याला लागली आणि टोमॅटो लागले सात.

दुसरी गोष्ट माती. घराच्या मागची माती म्हणजे बहुधा विटांचे तुकडे, चुना, सिमेंट आणि खिळे. हे सारे वेचून काढल्यावाचून बी टाकू नका. चुन्या-सिमेंटाने माती खारावते आणि रोपे पिवळी पडतात. एक फूट खोल खणून घ्या. दोन घमेली मातीला एक घमेले चांगले कुजलेले शेणखत मिसळा. माती काळी चिकण असेल तर थोडी जाड वाळूही घाला. खत कुजलेले कसे ओळखावे? त्याला शेणाचा वास येत नाही. पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तसा वास येतो. ताजे शेण घातले तर मुळे भाजतात आणि त्यातून हुमणीच्या अळ्या येतात. मातीची परीक्षाही सोपी आहे. ओलसर माती मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोट लावताच फुटला तर माती जमली. वळलाच नाही तर खत कमी, आणि फुटलाच नाही तर चिकण जास्त. लाडवांची पारख आपल्याला कुणी शिकवायला नको!

तिसरी गोष्ट वाफा. वाफ्याची रुंदी तीन फुटांहून अधिक नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. वाफ्यात पाय म्हणून ठेवायचा नाही. तुडवलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. एका बाजूला भिंत असेल तर दीड फुटाचाच वाफा करा. पावसाळ्यात वाफा चार-सहा बोटे उंच, गादीसारखा हवा, म्हणजे पाणी साचत नाही. उन्हाळ्यात तोच थोडा खोलगट केला तर पाणी वाहून जात नाही. आमच्याकडे तीन वाफे आहेत आणि त्यांच्यामधून चालायला आम्ही आणून ठेवलेल्या त्याच फरश्या टाकल्या आहेत. गवंड्याची मजुरी वाचली आणि फरश्याही वाया गेल्या नाहीत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : थोडे लावा. टाळेबंदी शिथिल झाली तशी मी एका रोपवाटिकेत गेले आणि हुरूपाने अठरा प्रकारची रोपे आणि बिया घेऊन आले. फ्लॉवरसुद्धा! दीडशे चौरस फुटांत अठरा प्रकार म्हणजे लग्नाच्या पंगतीला एका पाटावर तिघांना बसवण्यासारखे झाले. कुणाचेच पोट भरले नाही. मी हिशेब ठेवला आहे. पहिल्या वर्षी खर्च दोन हजार तीनशे चाळीस रुपये आणि हाती आलेली भाजी बाजारभावाने सहाशे दहा रुपयांची. आमचे 'हे' ती वही पाहून म्हणाले, "भेंडी फार महाग पडली हो!" म्हणून पहिल्या वर्षी पाचच जिन्नस लावा. मी माझे पाच सांगते.

पहिली मेथी. घरातल्या डब्यातली चालते. रात्री भिजवून सकाळी वाफ्यात बोटभर अंतरावर रेघा ओढून टाका आणि वर अर्धा बोट माती लोटा. तीन-चार दिवसांत उगवते, पंचवीस-तीस दिवसांत भाजीला येते. मी पहिल्यांदा बी मूठमूठ फेकले आणि बादलीने पाणी ओतले. सगळे बी वाहून एका कोपऱ्यात गोळा झाले आणि तिथे मेथीचे जावळ उगवले. पाणी झारीनेच घालायचे. आणि सारा वाफा एकदम पेरू नका. दर आठ दिवसांनी एक पट्टी पेरा, म्हणजे महिनाभर थोडी थोडी मिळते. एकदम आलेली भाजी खाऊन घरची माणसे कंटाळतात आणि बोल बागेला लागतो.

दुसरा पालक. महिना-सव्वा महिन्यात कापणीला येतो. मुळासकट उपटू नका. बुडाशी दोन बोटे ठेवून बाहेरची पाने कापा. तीन-चार वेळा मिळतो. याच्याच जोडीला कोथिंबीर घाला, पण धने अख्खे टाकू नका. चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, बारा तास भिजवा, मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा पाचव्या दिवशी माती उकरून पाहू नये. मी पाहिली होती. कडक उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलावर येते, म्हणून तिचा खरा हंगाम दसऱ्यापासून पुढे.

तिसरी भेंडी. बी जागेवरच लावायचे, रोप हलवायचे नाही. दीड फुटावर दोन-दोन बिया. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिली भेंडी. मग दिवसाआड तोडलीच पाहिजे. झाडावर एक जरी भेंडी निबर राहिली तरी पुढचे फूल कमी होते. पाने पिवळी पडून शिरांची जाळी दिसू लागली तर तो केवडा रोग समजा. पांढरी माशी तो पसरवते, आणि त्याला औषध नाही. झाड उपटून दूर टाका, हळहळू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'परभणी क्रांती' ही जात या रोगाला बरीच टक्कर देते. तिचे बी पाहून घ्या.

चौथी मिरची. आधी एखाद्या पसरट कुंडीत बी टाकून रोपे करावी. पाच-सहा आठवड्यांनी वीतभर झाली की संध्याकाळी हलवावी, म्हणजे रात्रभरात जीव धरतात. चार माणसांच्या घराला चार झाडे पुरतात. जागा उरली तर एखादे वांगे लावा. आपल्याकडे मांजरीच्या वांग्याचे नाव मोठे आहे. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकतो तेव्हा आत अळी असते. तो शेंडा खाली चार बोटांवर कापून नष्ट करा, नाहीतर पुढे तीच फळात शिरते.

आणि पाचवा एक वेल. एकच. दोडका, कारले किंवा दुधी. भिंत असली तर सुतळीवर चढवा, मांडव केला तर त्याखाली अळूला सावली होते. वेलाविषयी मला एक मोठी लाज वाटणारी गोष्ट सांगायची आहे. आमच्या दोडक्याला ऑगस्टात पिवळ्या फुलांचे घोस लागले आणि रोज सकाळी खाली सडा. दोडका मात्र एकही नाही. मी शेजारणीला म्हटले, कुणाची तरी दृष्ट लागली. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "अगं, हे सगळे नर आहेत. बायको अजून यायची आहे."

वेलाला आधी नर फुले येतात आणि मागून मादी. मादी फूल ओळखणे सोपे आहे. तिच्या पाठीशी करंगळीएवढा दोडका आधीपासूनच असतो. मधमाश्या कमी असल्या तर मादी फुले आली तरी फळ न धरता गळतात. मग आपण हाताने काम करावे. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. कारल्याची फुले सकाळी उमलतात, दोडक्याची आणि दुधीची संध्याकाळी. दिवेलागणीला मी फूल तोडून आणायची आणि सासूबाईंच्या हाती द्यायची. त्यांचा हात कापत असे, पण फुलाशी गेला की स्थिर होई. त्यांच्या हातची फळे धरली आणि माझ्या हातची निम्मी गळाली, हेही वहीत लिहिलेले आहे.

दुधीची एक सूचना फार गंभीरपणे देते. दुधी चिरल्यावर एक छोटा तुकडा चाखा. कडू लागला तर तो पूर्ण टाकून द्या. शिजवून कडवटपणा जात नाही आणि असा दुधी विषारी असतो. रस तर मुळीच पिऊ नका.

आता पाणी. पाणी सकाळी घालावे. घालण्याआधी मातीत बोट पेरभर खुपसून पाहा. ओल लागली तर त्या दिवशी नको. नव्या माणसाची रोपे तहानेने मरतात त्याहून जास्त बुडून मरतात. मातीवर वाळलेल्या पाल्याचा थर दिला की उन्हाळ्यात पाणी निम्म्याने कमी लागते. तांदूळ-डाळीचे धुवण, भाज्या धुतलेले पाणी हे सगळे बागेचे आहे. मात्र मीठ घातलेले पाणी नको आणि साबणाचे पाणी पालेभाजीला नको. पूर्वी मोरीच्या पाण्यावर अळू वाढत असे खरे, पण तेव्हा मोरीत शिकेकाई आणि राख जात होती, आता काय जाते ते तुम्ही जाणताच. मोरीच्या कडेला कर्दळ लावा आणि अळू वाफ्यात आणा. कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकण्यास विसरू नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

किडीला भिऊ नका. रोज पाच मिनिटे पाने उलटून पाहणे हे पहिले औषध. मावा दिसला तर पाण्याच्या धारेने झाडून काढावा. तेवढ्याने भागले नाही तर पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून संध्याकाळी फवारावी. पावसाळ्यात गोगलगायी येतात. रात्री ओले गोणपाट टाकून ठेवा, सकाळी त्याखाली सगळी मंडळी जमलेली सापडतील. वाफ्याच्या कडेला झेंडू लावा. मुळांवर गाठी करणारे सूक्ष्म कृमी त्याने कमी होतात, आणि दसऱ्याला तोरण घरचे.

खत विकत आणण्याची पाळी पहिल्या वर्षीच येऊ द्या. कोपऱ्यात दोन फुटांचा खड्डा करा किंवा तळाला भोके पाडलेले जुने पिंप घ्या. स्वयंपाकघरातल्या साली-देठांचा एक थर, त्यावर दुप्पट वाळका पाला आणि मूठभर माती. तेलकट, शिजलेले त्यात नको. आठवड्याने हलवावे. वास आला तर पाला कमी पडला समजा. तीन महिन्यांत खत तयार होते. आपली कचऱ्याची बादलीही हलकी होते.

हंगामाचे गणित सासूबाई तीन वाक्यांत सांगत. मृगाला वेल, भेंडी, गवार. दसऱ्या-दिवाळीला मेथी, पालक, मुळा, टोमॅटो. संक्रांतीनंतर पुन्हा भेंडी, काकडी, कारले आणि माठ. एवढे पाठ केले की पुरे.

तुम्ही विचाराल, इतके करून पदरात काय पडते? मी हिशेबनीस आहे, खोटे सांगणार नाही. दीडशे फुटांत घराची सगळी भाजी होत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाने दिवसाला निदान चारशे ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात. चौघांच्या घराला ते दिवसाला दीड किलोच्या वर झाले. तेवढे माझ्या परसात निघत नाही. पण पालेभाजी, मिरची, कोथिंबीर, कढीलिंब यांसाठी आता मी सहसा मंडईत जात नाही. तिसऱ्या वर्षापासून वहीतला तोटा संपला आहे. आणि औषध कोणते मारले असेल या शंकेवाचून मी मेथी नातवाच्या ताटात वाढते. तिची नोंद कुठल्या रकान्यात करावी हे मला अजून कळलेले नाही.

शेवटी बियांविषयी सांगते आणि बसते. आमच्या स्वयंपाकघरात खुंटीला एक वाळलेला दोडका कित्येक वर्षे लटकत होता. मी तो दोन-तीनदा टाकायला निघाले होते. दर वेळी सासूबाई म्हणत, "राहू दे." त्या वर्षी मृगात त्यांनी तो फोडायला सांगितला. आत काळ्या बिया खुळखुळत होत्या. दहा पेरल्या, चार उगवल्या. ज्या वेलाची गोष्ट मी मघाशी सांगितली तो हाच. संकरित बियाण्याचे बी धरून ठेवले तर पुढच्या वर्षी तसेच फळ येईल याचा भरवसा नसतो. गावरान वाणाचे मात्र बी धरता येते. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असे गावरान वाण जपले, बाया-बापड्यांना वाटले आणि त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांच्यापुढे मी कोण? पण एक वेल आपल्यालाही जपता येईल.

बी धरायचे तर वेलावरचे पहिले चांगले फळ तोडू नका. वेलावरच वाळू द्या. बिया सावलीत सुकवून, चाळलेल्या राखेत घोळून काचेच्या बरणीत ठेवा आणि वर नाव व साल लिहा. माणसाची आठवण दगा देते, चिठ्ठी देत नाही.

सासूबाई २०२२ च्या मार्गशीर्षात गेल्या. शेवटच्या दिवसांत त्या मला ओळखत नव्हत्या. पण मी कोथिंबिरीची जुडी घेऊन आत आले की जुडीकडे पाहून मान हलवीत. माझे पाय चिखलाचे असत, आणि फरशी आता मलाच पुसावी लागे.

दाराशी टेबलावर मी कागदाच्या पुड्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीत त्या दोडक्याच्या पाच बिया आहेत. या फुकट नाहीत बरे का! उसन्या आहेत. मृगाला लावा आणि पुढच्या वर्धापनदिनाला पाचाच्या दहा करून परत आणा. ज्यांच्या उगवणार नाहीत त्यांनीही यावे आणि काय फसले ते सांगावे. म्हणजे पुढच्या वर्षी भाषणाला माणूस शोधायला नको.